देगलूरला नाचायचं कुठे?

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी नाचायला निमित्त लागतं. लग्नाची वरात, गणपतीचं विसर्जन, जयंतीची मिरवणूक, निवडणुकीचा गुलाल. निमित्त काही नाही, नाचावंसं वाटलं म्हणून चार घरची बायामाणसं संध्याकाळी एका ठिकाणी जमली, असं देगलूरला दिसत नाही, मुखेड-बिलोलीला दिसत नाही. तशी जागाच नाही. मुंबई, पुणे, गोवा इथे ती आहे. तिला नाइटक्लब, पब, डिस्को म्हणतात आणि तिच्याविषयी आपल्या वर्तमानपत्रांत येतं ते आगीचं, अपघाताचं, धाडीचं. त्यामुळे क्लब म्हणजे वाया गेलेल्या पोरांचा अड्डा, एवढीच समजूत आपल्याकडे घट्ट झाली आहे. मला हा विषय तेवढ्यावर सोडवत नाही. एकत्र नाचणं ही माणसाची फार जुनी गरज आहे. ती भागवायची सोय आपल्या राज्यात कुणी केली, कुणासाठी केली आणि त्यातून कुणाला बाहेर ठेवलं, हे एकदा नीट पाहिलं पाहिजे.

मुंबई हे मुळात बेटांचं शहर, आणि तिथल्या मूळ रहिवाशांना नाचाचं कधी वावडं नव्हतं. कोळीवाड्यातल्या हळदीला सासू-सुना, दीर-भावजया एकाच मांडवात बँडवर नाचतात आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. पण हा नाच वाड्याच्या आतला, ओळखीच्या माणसांचा. अनोळखी माणसांनी पैसे मोजून एका छताखाली जोडीनं नाचायचं, ही रीत आणली ती हॉटेलांनी. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला जॅझ बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफोर्ड आला. नाचणारे होते गोरे साहेब, संस्थानिक आणि शहरातले धनिक. वाजवणाऱ्यांत मात्र लवकरच गोव्याची माणसं दिसू लागली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवत, व्हायोलिन हातात देत. ही पोरं मुंबईत येऊन धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कूडां’त, म्हणजे सामायिक बिऱ्हाडांत, दाटीवाटीनं राहायची आणि रात्री सूट चढवून साहेबांना नाचवायची. अंतोनियो शाविएर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हा त्यांतला सगळ्यांत गाजलेला ट्रंपेटवाला. ताजच्या नाचघरात त्याचा बँड होता, पण त्याच घरात पाहुणा म्हणून नाचायला जाणं त्याच्या जातभाईंना परवडणारं नव्हतं.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं हॉटेलांतली रया गेली आणि हे वादक सिनेमाच्या स्टुडिओत जास्त रमले. इथून पुढची गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. पुणतांब्याला जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी या गोवेकर वादकांना जवळ केलं. १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. आणि त्या संगीतावर नाचतो कोण, तर गिरणी कामगाराच्या घरातून आलेले भगवान आभाजी पालव. भगवानदादांचा नाच नीट पाहा. पाय जमिनीपासून फारसे उचलायचे नाहीत, गुडघे किंचित मोडलेले, कोपरात वाकलेले हात लयीत पुढं-मागं, आणि चेहऱ्यावर निव्वळ आनंद. हा नाच करायला गुरू लागत नाही, सडपातळ बांधा लागत नाही, वयाची अट नाही. गिरणगावच्या मिरवणुकांनी तो उचलला. आजही देगलूरच्या विसर्जनात साठीचा माणूस दोन पावलं टाकतो तेव्हा तो भगवानदादांचंच टाकतो. क्लबची लय क्लबशिवाय आमच्यापर्यंत आली ती अशी. लय आली, पण जिथे बाई-पुरुष दोघंही पाहुणे म्हणून समोरासमोर उभे राहतात, ती जागा आली नाही.

मुंबईच्या क्लबांची पुढची हकिगत लांबवत नाही. साठच्या दशकात चर्चगेटच्या हॉटेलांत ख्रिस पेरी वाजवायचा आणि लोर्ना गायची. बार्द्रॉय बार्रेटो यांनी ‘नाचुंया कुम्पासार’ या कोंकणी चित्रपटात तो काळ उभा केला आहे. पुढं डिस्को आला, गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्याच आवारात पब निघाले, आणि लोअर परळला जिथे तीन पाळ्यांचे भोंगे वाजायचे तिथे डीजे वाजू लागले. तिथे नाचणाऱ्या मुलामुलींत मराठी मुलंमुलीही आहेत. पण आत शिरायला अंगावरचे कपडे, खिशातला पैसा आणि इंग्रजी बोलणं असं सगळंच लागतं.

गोव्याचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं, कारण तिथे सामाजिक नाच हॉटेलातून नाही, घरातून सुरू झाला. एकोणिसाव्या शतकात सासष्टीतल्या मोठ्या ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यांत मांडो फुलला. पुरुषांची एक रांग, बायकांची दुसरी, समोरासमोर. तिच्या हातात पंखा, त्याच्या हातात रुमाल. घुमटाचा आणि व्हायोलिनचा संथ ताल. रांगा एकमेकींकडे सरकतात, जवळून ओलांडतात, स्पर्श होत नाही, पुन्हा मागं फिरतात. मांडो संपला की लगेच जलद लयीचा दुलपोद, आणि मग घरातली आजीही बसून राहत नाही. युरोपातलं बॉलरूम नृत्य आणि कोकणातली लाज, दोन्हीला धरून लोकांनी हा नाच स्वतः घडवला. पुढं मडगावचा क्लुब हार्मोनिया, पणजीचा क्लुब नासियोनाल अशा संस्था झाल्या. तिथे कुटुंबच्या कुटुंब नाचायला जायचं. मुलगी पहिल्यांदा नाचायची ती बापाबरोबर.

आज गोवा म्हटलं की आपल्याकडच्या पोरांना बागा आणि हणजूण आठवतं. सत्तरच्या दशकात परदेशी हिप्पींनी हणजूणच्या किनाऱ्यावर पौर्णिमेच्या रात्री नाचायला सुरुवात केली, त्यातून गोवा ट्रान्स या नावाचं संगीत जगभर गेलं. गोवा गिल हा त्यातला मानाचा माणूस २०२३ साली गेला. २००७ पासून सनबर्नसारखे अवाढव्य महोत्सव आले. या सगळ्यात स्थानिक माणूस नाचणाऱ्यापेक्षा राबणारा जास्त झाला. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्याच्या ‘बर्च’ क्लबला आग लागून २५ माणसं गेली, त्यांत बहुतेक तिथे काम करणारी होती, दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेली. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरच्या पबांत १४ जण गेले होते. आमच्या भागातली किती पोरं पुण्यात अशा ठिकाणी बाऊन्सर आहेत, गाड्या लावतात, भांडी घासतात. नाचायच्या जागेचा विचार करताना बाहेर पडायच्या दाराचा विचार पहिला झाला पाहिजे, आणि तो राबणाऱ्यांच्या बाजूनं झाला पाहिजे.

आता महाराष्ट्र सरकारनं नाचाचा प्रश्न कसा हाताळला, ते पाहू. आपल्या विधिमंडळात नाचावर सर्वांत जास्त चर्चा झाली ती डान्सबारच्या निमित्तानं. २००५ मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदी आणली. मुंबई पोलीस कायद्यात ३३ अ आणि ३३ ब अशी दोन कलमं घातली. पहिल्यानं बारमधला नाच बंद, दुसऱ्यानं तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना सूट. सुमारे ७५ हजार बायकांची रोजी त्यावर होती, असा आकडा तेव्हा सांगितला जात होता. एसएनडीटी विद्यापीठ आणि स्त्री-संघटनांनी ५०० बारनर्तकींशी बोलून पाहणी केली. वर्षा काळे यांनी त्यांची संघटना बांधली, फ्लॅव्हिया ॲग्नेस न्यायालयात त्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयानं १२ एप्रिल २००६ ला बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं १६ जुलै २०१३ ला तो निकाल कायम केला. गरिबाच्या बारमध्ये जे अश्लील ठरतं तेच श्रीमंताच्या हॉटेलात सभ्य कसं ठरतं, हा त्यातला मुख्य मुद्दा. सरकारनं २०१४ ला पुन्हा कायदा केला, २०१६ ला आणखी एक केला. १७ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या जाचक अटी काढल्या, संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकराची वेळ ठेवली, टीप द्यायला परवानगी दिली, नोटा उधळायला नाही.

या बायकांची रोजी वाचली पाहिजे होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आर. आर. आबांची तळमळही खोटी नव्हती. पनवेल-ठाण्याकडच्या जमिनी विकून आलेला पैसा बारमध्ये जातो, संसार उघड्यावर पडतात, हे त्यांना दिसत होतं. पण चौदा वर्षांच्या या सगळ्या वादात नाच म्हणजे बाई नाचणार आणि पुरुष बघणार, हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेलं होतं. बाईला स्वतःसाठी नाचायचं असेल, नवऱ्याबरोबर, मैत्रिणींबरोबर, तर तिची काय सोय, हा प्रश्न कुठल्याच कलमात नाही.

आणि ही दृष्टी आमच्या मातीत खोल गेलेली आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, उंट, गाढवं, बैल यांचा प्रचंड बाजार, ‘येळकोट येळकोट’चा गजर, तमाशाचे फड. नांदेड जिल्हा परिषद तिथे लावणी महोत्सव भरवते. लावणी ही आपली थोर कला आहे, तिच्या कलावंतांना मान आणि मानधन मिळालंच पाहिजे. भूषण कोरगावकर यांनी ‘संगीत बारी’ या पुस्तकात त्या बायकांचं जगणं जवळून लिहिलं आहे आणि सावित्री मेधातुल यांच्या साथीनं तो प्रयोग रंगमंचावर नेला तेव्हा शहरांतल्या बायका मोठ्या संख्येनं लावणी बघायला येऊ लागल्या. माळेगावच्या मांडवात मात्र खुर्च्यांवर अजून पुरुषच जास्त. देगलूरजवळच्या होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिरावर चालुक्यांच्या काळच्या सुरसुंदरी आहेत, तिथल्या महोत्सवात मंचावर सुरेख नृत्यं होतात, आपण टाळ्या वाजवतो. नाच पाहणं आम्हाला शोभतं, करणं नाही, ही शिकवण घराघरात आहे.

मग तरुण पोरं नाचतात कुठे? डीजेपुढे. देगलूरच्या एखाद्या वरातीत चालून पाहा. पुढं टेम्पोवर बेसच्या पेट्यांची भिंत, मागं जनरेटरची गाडी, वर शार्पी दिव्यांचे झोत. टेम्पो बसस्टँडकडून निघतो आणि पावलापावलानं सरकतो. सुरुवातीला दोन करवल्या, नवरदेवाची बहीण, एखादी मावशी पुढं येऊन हात वर करतात. पाचेक मिनिटं त्यांचं रिंगण असतं. मग मित्रमंडळी घुसतात, त्यांतली काही ‘बसून’ आलेली असतात. गर्दी दाटते. एखादे काका हात आडवा धरून मुलींना मागं घेतात. पुढचा दीड तास त्या ओवाळणीच्या ताटामागे चालत राहतात आणि पुढं पोरं छातीत धडधड होईस्तोवर नाचतात. काकांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. त्या गर्दीत मुलीला ढकलतील, चिमटे काढतील, मोबाइलवर शूटिंग करून टाकतील, हे त्यांना माहीत असतं. जागाच अशी आहे की तिथून मुलीला बाजूला काढणं हाच शहाणपणा ठरतो. रस्त्यालगत राहणाऱ्यांचे हाल वेगळे. रात्री रहिवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आणि दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. घरातला आजारी म्हातारा मात्र खिडकीच्या काचा थरथरताना ऐकत पडलेला असतो.

चौदा एप्रिलचा यात अपवाद सांगितलाच पाहिजे. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत मराठवाड्यात बायका नाचतात, पांढऱ्या साडीतल्या आजीपासून कॉलेजच्या पोरीपर्यंत, भीमगीतांवर, भर चौकात. गल्लीतल्या सगळ्या घरांतून सगळेच आलेले असतात, म्हणून त्यांना तिथे निर्धास्त वाटतं. ते पाहिल्यावर मराठवाड्यातल्या बाईला नाचायची लाज वाटते, हे कुणी मला सांगू नये.

तिला नाच येतो. पंचमीला गावोगाव फेर धरले जातात, झिम्मा-फुगडी रंगते, फक्त लग्न होऊन बाई शिकल्या-सवरल्या घरची झाली की ते मागं पडतं. देगलूर, बिलोली, धर्माबाद ही सीमेवरची गावं, तेलुगू घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भाद्रपदाच्या अमावस्येपासून ती बतकम्मा मांडतात, गुलमेंदी-झेंडूच्या फुलांची उतरंड मधे आणि भोवती बायकांचं टाळ्यांचं रिंगण. कंधार-मुखेडच्या तांड्यांवर होळीला बंजारा बायापुरुष लेंगी गातात, नाचतात. किनवट-माहूरकडे दिवाळीत गोंड आणि कोलामांच्या दंडारी निघतात, एका गावची दंडार दुसऱ्या गावी पाहुणी जाते, ते गाव तिला जेवू घालतं. आणि देगलूर तर वारकऱ्यांचं गाव, धुंडा महाराजांचं. दिंडीत पावल्या खेळताना पाहिल्या नाहीत असा इथे कोण आहे? टाळकरी समोरासमोर दोन ओळींत, पखवाजाच्या एका थापेवर सगळे उजवीकडे झुकतात, दुसरीवर मागं येतात, वाकतात, उड्या घेतात, आणि मागं तुळशीवाल्या बायका फुगड्या घालतात. अंग लयीत सोडून देण्याचा आनंद आमच्या संतपरंपरेनं पाप मानला नाही. म्हणून ‘आपल्या संस्कृतीत हे बसत नाही’ हा आक्षेप मला मान्य नाही. आपल्या संस्कृतीत हे भरपूर आहे. जातीजातीत, सणासणात वाटलेलं आहे, एवढंच. तांड्यावरची लेंगी आणि गल्लीतली बतकम्मा एकमेकींना भेटत नाहीत.

बाहेरच्या जगातलं एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. जमैका हे कॅरिबियन समुद्रातलं उष्ण बेट. १९४०-५० च्या दशकांत किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या लोकांना हॉटेलातल्या नाचघरांत शिरणं परवडत नव्हतं. तेव्हा ड्यूक रीड, कॉक्सोन डॉड अशा माणसांनी मोठाले कर्णे आणि ॲम्प्लिफायर गोळा केले, उघड्या अंगणांत मांडले आणि थोडक्या पैशाच्या तिकिटावर वस्तीला नाचायला बोलावलं. याला साउंड सिस्टीम म्हणत. यंत्रं आमच्या डीजेच्याच जातीची, पण व्यवहार वेगळा. ठरलेलं कुंपण, ठरलेली वेळ, दारावर माणूस, कडेला खाण्याच्या टपऱ्या, आणि बायका बरोबरीनं. त्या अंगणांतून स्का, रेगे हे संगीत जन्मलं. तिथेही आवाजाची तक्रार झालीच, मारामाऱ्या झाल्या. १९९७ मध्ये कायदा करून आठवड्यातल्या दिवसांना मध्यरात्रीची आणि शुक्रवार-शनिवारी दोनची हद्द घातली. नाचावर धास्तावून बंधनं घालणारी सरकारं जगात आणखीही होती. न्यूयॉर्कमध्ये १९२६ पासून नाचाला वेगळा परवाना लागे, तो कायदा २०१७ मध्ये गेला. जपाननं मध्यरात्रीनंतर नाचायची जुनी बंदी २०१५ मध्ये सैल केली. जर्मनीच्या संसदेनं २०२१ मध्ये क्लबांना करमणुकीच्या अड्ड्यांऐवजी सांस्कृतिक स्थळं मानावं असा ठराव केला.

देगलूरला बर्लिन करा असं माझं म्हणणं नाही. इथे दारूचा पब निघाला तर त्यात मुली जाणार नाहीत, आणि गेल्या तर गाव त्यांना जगू देणार नाही. पण कुंपण, वेळ, तिकीट आणि दारावर विश्वासाचं माणूस, एवढं तर आपल्याला जमण्यासारखं आहे. नवरात्रातल्या दांडियानं ते थोडं दाखवलंही. ज्या मंडळानं पास ठेवले, कुटुंबालाच प्रवेश दिला, तिथे शाळामास्तरीण आणि कापडदुकानदाराची सून निर्धास्त टिपऱ्या खेळतात. जिथे मैदान मोकळं सोडलं तिथे दुसऱ्या रात्रीपासून मुली येणं बंद होतं.

कायदाही आडवा येत नाही. रात्री दहा ते बारा ध्वनिवर्धकाला सूट द्यायचे वर्षातले पंधरा दिवस असतात, ते गणपती, नवरात्र, जयंत्या, एकतीस डिसेंबर यांतच संपतात. पण दहाची ही बंदी बंद सभागृहांना, समाजमंदिरांना, मेजवानीच्या हॉलना त्यांच्या आतल्या वापरापुरती लागू नाही, असं त्याच २००० च्या नियमांत लिहिलेलं आहे, आवाज भिंतीबाहेर त्रासदायक झाला नाही म्हणजे झालं. देगलूर-नांदेड रस्त्यावर किती मंगल कार्यालयं उभी राहिली आहेत. आषाढी ते कार्तिकी मुहूर्त नसतात, ती कुलुपात असतात. महिन्यातला एक शनिवार, संध्याकाळी सात ते दहा, वीस-तीस रुपयांचं तिकीट, दारूला मज्जाव, मोबाइल दाराशी जमा, दोन्ही दारं उघडी आणि आगीची नळकांडी तपासलेली. चालवायला बचत गटाच्या बायका असाव्यात, म्हणजे कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर काढायचं हे त्या ठरवतील, तिकिटातला पैसाही त्यांच्याकडे राहील. एका शनिवारी तांड्यावरून लेंगीवाल्यांना बोलवावं, दुसऱ्याला बतकम्मेच्या बायकांना, तिसऱ्याला डीजेवाल्या पोरांनाच, आवाज खाली ठेवायच्या अटीवर. पहिल्या दोन-तीन वेळा बायका भिंतीला टेकून उभ्या राहतील. त्यांना कुणी ओढू नये. नगरपरिषदेनं पहिल्या वर्षी भाड्याचा भार उचलावा आणि एक महिला पोलीस दारावर द्यावी, म्हणजे हे येत्या चातुर्मासात सुरू करता येईल.